तज्ज्ञाची साक्ष

दुकान वाढवून घरी निघताना मामांनी भाच्याला फोन केला. जुन्या नाशकातील एका वाड्याचा वाद न्यायालयात गेला होता. वाड्याच्या दर्शनी भागात सात दुकाने आणि मागच्या चौकाभोवती चार बिऱ्हाडे होती. वाडा मोडकळीस आला आहे, तो पाडावाच लागेल, असे मालकाचे म्हणणे होते. वाडा भक्कम आहे, मालकाला फक्त जागा मोकळी करून हवी आहे, असे दुकानदारांचे म्हणणे होते. मालकाने एका अभियंत्याचा अहवाल दाखल केला होता. आता दुकानदारांनाही एक अहवाल हवा होता. ‘तू इंजिनिअर आहेस, बँकांचा व्हॅल्युअर आहेस. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचे?’ मामा म्हणाले. मामा स्वतः त्या वाड्यात भाडेकरू नव्हते. पण त्या दुकानदारांत त्यांचे रोजचे उठणे-बसणे होते आणि त्यांनी शब्द देऊन टाकला होता.

भाचे पन्नाशीच्या उंबरठ्यावरचे स्थापत्य अभियंता. पंचवीस वर्षे नाशकात इमारतींचे आराखडे, बांधकामावरील देखरेख आणि बँकांसाठी तारण मालमत्तांचे मूल्यांकन, हा त्यांचा व्यवसाय. या धंद्याचे गणित व्यापारी घरांना समजावून सांगायला नको. एक वर्ष तेजीचे, तर पुढची दोन वर्षे उधारी वसूल करण्यात जातात. कार्यालयाचे भाडे आणि सहायकांचे पगार मात्र दर महिन्याला द्यावेच लागतात. त्यामुळे न्यायालयीन कामाचा जोडव्यवसाय करावा, असे त्यांच्या मनात काही दिवसांपासून घोळतच होते. मामांच्या फोनने त्याला निमित्त मिळाले.

अशा कामाला आज मागणीही आहे. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील दोष लक्षात आणून दिला, तर विकसकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो. पण गळती बांधकामाच्या दोषामुळे की राहणाऱ्याने केलेल्या फेरबदलामुळे, हे कोणी तरी जाणकाराने सांगावे लागते. समृद्धी महामार्गासाठी इगतपुरी आणि सिन्नर तालुक्यांत भूसंपादन झाले. अशा संपादनात विहीर, गोठा, शेतघर यांच्या मोबदल्यावर वाद झाला की मूल्यांकनाचा प्रश्न येतोच. कंत्राटदाराच्या थकीत बिलांचे लवाद, ग्राहक आयोगापुढील तक्रारी, भावाभावांतील वाटण्या, या प्रत्येक ठिकाणी इमारतीची भाषा न्यायालयाला समजावून सांगणारा माणूस हवा असतो.

साधा साक्षीदार आणि तज्ज्ञ साक्षीदार यांत एक मूलभूत फरक आहे. साध्या साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले तेवढेच सांगावयाचे; त्याचे मत कोणी विचारत नाही. तज्ज्ञाला मात्र मत देण्याची मुभा असते. या परंपरेच्या मुळाशी एक स्थापत्य अभियंताच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील वेल्स हे बंदर गाळाने भरत होते. समुद्राचे पाणी अडवण्यासाठी घातलेल्या एका बांधामुळे हा गाळ साचतो की नाही, यावर वाद पेटला. एडिस्टोनचा दीपस्तंभ उभारणारे जॉन स्मीटन यांना एका पक्षाने बोलावले. ही वस्तुस्थिती नाही, हे केवळ मत आहे, अशी हरकत घेण्यात आली. १७८२ मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी ती फेटाळली आणि आपल्या शास्त्रापुरते शास्त्रज्ञाचे मत पुराव्यात ग्राह्य धरले. पुढे भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम ४५ मध्ये तज्ज्ञाच्या मताला स्थान मिळाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती तरतूद कलम ३९ मध्ये आली आहे.

मत देण्याची ही मुभा हे मोठे ऋण आहे. ते कोणाचे, हा प्रश्न अभियंत्यांपुढे पहिल्याच बैठकीत उभा राहिला. दुकानदारांचे वकील अनुभवी आणि सरळ गृहस्थ होते. त्यांनी आधी शुल्काचा विषय काढला. एका दुकानदाराने उत्साहाने सुचवले, ‘साहेब, आत्ता थोडे घ्या, निकाल आपल्या बाजूने लागला की दुप्पट देऊ.’ वकिलांनी त्यांना मध्येच थांबवले. वकिलालाही निकालावर ठरणारे शुल्क घेता येत नाही, मग साक्षीदाराला कसे घेता येईल?

व्यापाऱ्यांना हा फरक चटकन समजला, कारण तो त्यांच्याच व्यवहारातला होता. दलालाला सौदा झाला तर दलाली मिळते. म्हणून सौदा व्हावा हेच त्याचे हित. काटा करणाऱ्याला मात्र माल विकला जावो वा न जावो, तोलाई तेवढीच मिळते. म्हणूनच त्याच्या काट्यावर दोन्ही बाजू विश्वास ठेवतात. तज्ज्ञाने काट्यावर बसावयाचे असते. इंग्लंडमध्ये १९९९ पासून लागू झालेल्या दिवाणी नियमांत हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे: पैसे कोणीही देवो, तज्ज्ञाचे पहिले कर्तव्य न्यायालयाशी. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००९ मधील रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रिजन्सी हॉस्पिटल या निकालात सांगितले, की तज्ज्ञाचे काम सल्ल्याचे आहे. त्याने आपल्या मताची कारणे आणि आधार न्यायाधीशांपुढे ठेवावेत, निष्कर्ष न्यायाधीशांनी काढावा. अभियंत्यांनी पाहणी, अहवाल आणि न्यायालयातील हजेरी यांचे तासांवर आधारलेले शुल्क लेखी ठरवले आणि पाहणीचे पैसे आगाऊ घेतले. मामांचा आपल्याशी आणि दुकानदारांशी असलेला संबंध अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावयाचे त्यांनी ठरवले.

रात्री आईला हे कळले. मामांची ती थोरली बहीण. श्रावकाची बारा व्रते घेऊन तिला कित्येक वर्षे झाली होती. ती एवढेच म्हणाली, ‘दुसरे व्रत लक्षात ठेव.’ कन्या, गाय, भूमी, ठेव आणि साक्ष या पाच बाबींतील असत्य म्हणजे मोठे असत्य, असे त्या व्रतात मानले आहे. सोयरीक जुळवताना, जनावर विकताना, जमिनीचा सौदा करताना, दुसऱ्याची ठेव सांभाळताना आणि साक्ष देताना माणसाला खोटे बोलण्याचा मोह सर्वांत अधिक होतो, हे पूर्वजांनी नेमके हेरले होते. अभियंत्यांपुढील कामात त्यांपैकी भूमी आणि साक्ष या दोन बाबी एकत्र आल्या होत्या.

पाहणीला तीन दिवस लागले. काँक्रीटच्या इमारतीची तपासणी करताना रिबाउंड हॅमर आणि ध्वनिलहरींचे यंत्र वापरतात. वाड्याला त्यांचा फारसा उपयोग नाही. येथे ओळंबा, टोचणी, बॅटरी आणि शिडी हीच साधने. पुढचा भाग भाजलेल्या विटा आणि चुन्याचा होता. सागवानी खांब सुस्थितीत होते, कडीपाटाच्या दोन-तीन कड्या बदलाव्या लागल्या असत्या, पण भिंती ओळंब्यात होत्या. मागच्या चौकात चित्र पालटले. तेथील भिंती पांढऱ्या मातीच्या. एका न्हाणीघराचे पाणी वर्षानुवर्षे जोत्यात मुरत होते. पश्चिमेची भिंत मध्यभागी बाहेर फुगली होती आणि तिच्यात पिंपळाची मुळे शिरली होती. माडीच्या तुळईचे जे टोक त्या भिंतीत होते, त्यात टोचणी मुठीपर्यंत आत गेली. वाळवीने केवळ वरचे कवच शिल्लक ठेवले होते. त्याच तुळईखाली एका बिऱ्हाडाची दोन मुले अभ्यासाला बसत. अभियंत्यांनी तड्यांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यांवर तारीख घातली. तीन आठवड्यांनी ते परत गेले, तेव्हा पाचांपैकी तीन पट्ट्या चिरल्या होत्या. याचा अर्थ भिंत अजून हलत होती.

इमारतीची अवस्था सांगताना ‘भक्कम’ आणि ‘धोकादायक’ एवढे दोनच शब्द पुरत नाहीत. मालकाचा अहवाल एक सांगतो आणि भाडेकरूंचा दुसरे, ही मुंबईतील जुनीच तक्रार होती. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा परस्परविरोधी अहवालांसाठी तांत्रिक सल्लागार समितीचा मार्ग घालून दिला. इमारतींचे वर्गही ठरलेले आहेत. सी-१ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडण्याजोगी. सी-२ए म्हणजे रिकामी करून, काही भाग उतरवून मोठी दुरुस्ती करण्याजोगी. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तीस वर्षांहून जुन्या इमारतींच्या संरचनात्मक तपासणीची तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात आहेच. अभियंत्यांनी लिहिले: दर्शनी भाग सी-२बी, मागचा चौक सी-१.

दुकानदारांना अर्धाच अहवाल हवा होता. ‘मागच्या चौकाचे आम्ही विचारलेच नव्हते,’ ते म्हणाले. ‘तेवढी दोन पाने काढून टाका.’ त्यांची भीती अगदी निराधार नव्हती. महापालिकेने पाडण्याचा आदेश दिलेली जागा हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ नुसार ताबा मागण्याचे एक कारण आहे. एक भाग धोकादायक ठरला की मालक त्याच धाग्याने सगळा वाडा ओढील, असे त्यांना वाटत होते. मामांनी संध्याकाळी फोन केला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता; उतरलेला होता. ‘मी लोकांना शब्द दिला होता रे,’ एवढेच ते बोलले. अभियंते म्हणाले, ‘मामा, पाने काढली तर राहिलेल्या पानांवर मी सही करू शकणार नाही.’ त्यानंतर बरेच दिवस मामांचा फोन आला नाही.

वकिलांनी मात्र अहवाल जसाच्या तसा दाखल केला. त्यांनी दुकानदारांना २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल समजावून सांगितला. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या हद्दीतील एक इमारत महापालिकेने पाडली होती आणि भाडेकरू होती शहा रतनसी खिमजी अँड सन्स ही पेढी. इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, कारण भाडेपट्ट्यात जमिनीचाही अंतर्भाव असतो, असे तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवले. भिंत पडेल असे लिहिल्याने हक्क पडत नाही, एवढे तरी दुकानदारांच्या ध्यानात आले. शिवाय वकिलांचे एक व्यावहारिक म्हणणे होते: ज्या तज्ज्ञाने आपल्या अशिलाच्या गैरसोयीचे सांगितले, त्याच्या सोयीच्या गोष्टीवर न्यायाधीश अधिक विश्वास ठेवतात.

साक्षीचा दिवस उजाडला. दिवाणी दाव्यात सरतपासणी बहुधा शपथपत्रावर होते. खरी कसोटी उलटतपासणीत लागते. मालकाच्या वकिलांनी भिंतीविषयी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी एक जुना कागद पुढे केला. सात वर्षांपूर्वी त्याच वाड्याच्या तारणावर मालकाच्या वडिलांनी बँकेचे कर्ज घेतले होते. त्या मूल्यांकन अहवालात ‘इमारतीची स्थिती: चांगली, उर्वरित आयुर्मान: २५ वर्षे’ असे लिहिले होते. खाली सही याच अभियंत्यांची.

न्यायालयात दाखल केलेल्या अहवालात त्यांनी लिहिले होते, की या मालमत्तेशी आपला पूर्वी कोणताही व्यावसायिक संबंध आलेला नाही. ते खोटे ठरले होते. जुन्या कागदावर सिटी सर्व्हे क्रमांक आणि निराळ्या व्यक्तीचे नाव होते. मार्च महिन्याच्या घाईत उरकलेल्या अनेक मूल्यांकनांपैकी ते एक होते. सहायकाने गल्लीतून छायाचित्रे काढली होती आणि अभियंत्यांनी कार्यालयात बसून सही केली होती.

‘तेव्हाचे खरे की आजचे?’ वकिलांनी विचारले.

सहायकावर ढकलण्याची पळवाट समोर होती. मधल्या सात वर्षांत वाडा खचला, असेही म्हणता आले असते आणि ते कोणाला खोडून काढता आले नसते. अभियंते काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, ‘सही माझीच आहे. तेव्हा मी आत गेलो नव्हतो, माडीवर चढलो नव्हतो. पंचवीस वर्षे हा आकडा लिहिण्याचा मला अधिकार नव्हता. पूर्वीचा संबंध नाही, हे विधानही जुनी नोंद न तपासता केले. ती माझी चूक आहे. आजच्या अहवालातील प्रत्येक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे आणि कोणत्या तारखेला पाहिली ते लिहिले आहे.’

न्यायाधीशांनी उत्तर शब्दशः नोंदवून घेतले. फेरतपासणीत दुकानदारांच्या वकिलांनी एवढेच निदर्शनास आणले, की वाडा चांगला असल्याच्या त्याच कागदावर मालकाच्या घराण्याने कर्ज उचलले होते. कागद दोन्ही बाजूंना कापत होता. अखेर न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६, नियम ९ प्रमाणे तिसऱ्या अभियंत्याची न्यायालय आयुक्त म्हणून नेमणूक केली. त्यांच्या अहवालात मागच्या चौकाविषयीचा निष्कर्ष तोच निघाला. पुढच्या भागातील जिना मात्र आपल्या अभियंत्यांनी मानला होता त्यापेक्षा कमकुवत ठरला. पावसाळ्यापूर्वी उभय पक्षांच्या संमतीने चारही बिऱ्हाडे दुसरीकडे हलवण्यात आली, त्यांचे हक्क राखून. दुकाने अजून चालू आहेत आणि दावाही अजून चालू आहे.

अभियंत्यांची या प्रकरणातील मिळकत बेताचीच झाली. झळ मात्र बरीच सोसावी लागली. साक्षीत काय घडले ते त्यांनी संबंधित बँकेला स्वतःच लेखी कळवले आणि त्या पॅनेलवरील त्यांचे काम थांबले. ज्या शुल्कात जागेवर जाणे परवडत नाही, ते मूल्यांकन घ्यावयाचे नाही, असे ठरवल्यावर आणखी एका ठिकाणचे काम कमी झाले. यात दोष एकट्या मूल्यांकनकाराचा नसतो. मार्चअखेर प्रकरणे मार्गी लावण्याची घाई, कमीत कमी शुल्क आणि ‘नेहमीचाच नमुना आहे, भरून द्या’ ही सवय बँकांच्या टेबलांवरही असते. पण पिंजऱ्यात ज्याची सही तोच उभा राहतो.

त्यांनी नंतर तीन सहायकांच्या मदतीने पंधरा वर्षांच्या जुन्या अहवालांची सूची केली, सर्व्हे क्रमांकांनुसार. आता न्यायालयीन काम आले की आधी ती सूची उघडली जाते. नात्यातला, भागीदारीतला किंवा पूर्वी हाताळलेला विषय निघाला, तर ते काम नाकारतात किंवा तो संबंध पहिल्या पानावर लिहितात. अहवालात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात: काय पाहिले, काय मोजले आणि त्यावरून काय वाटते. जेथे चढता आले नाही, जेथे कुलूप होते, ते चौथ्या परिच्छेदात येते. आपल्या विषयाबाहेरचा प्रश्न आला, तर ‘हे मला सांगता येणार नाही’ हे वाक्य ते संकोच न करता उच्चारतात. वर्षाला अशी चार-पाच कामे येतात. नाशकातील वकिलांत आता त्यांच्याविषयी एक समज पसरली आहे: हा माणूस आपल्याला हवे तेच लिहील याची खात्री नाही. काही जण त्यामुळेच त्यांना बोलावत नाहीत. काही जण त्यामुळेच बोलावतात.

त्या वर्षी संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर अभियंते मामांकडे गेले. दोघांनी हात जोडले, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. मामींनी चौकशा केल्या. वाड्याचा विषय कोणी काढला नाही. निघताना मामा जिन्यापर्यंत आले.

‘तुझ्या रिपोर्टने आमच्या लोकांची पंचाईत झाली, हे मी आजही म्हणेन,’ ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, ‘एकदा माझ्या दुकानाचा माळा बघून जा. वर मालाची पोती आहेत, खाली दोन नोकर झोपतात. आणि फी किती ते आधी सांग. घरचे म्हणून कमी करू नकोस.’

अभियंते ठरलेल्या दिवशी शिडी घेऊन गेले. पोती बाजूला करायला दोन तास लागले. ती पूर्ण हलेपर्यंत त्यांनी वहीत काहीच लिहिले नाही.